मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची?

आज कोर्टातल्या मुदतीबद्दल बोलू. दावा किंवा अर्ज किती दिवसांत करायचा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते दिवस कधीपासून मोजायचे. विषय ऐकायला कोरडा आहे. पण बाजू खरी असून, साक्षीदार असून, कागद असूनही दावा फेटाळला जातो, आणि कारण एवढंच असतं की बाई उशिरा आली. आपण बायका उशिरा जातो त्याला कारणंही तशीच असतात. तेरावं व्हायचं असतं, पेरणी व्हायची असते, भाऊ दुखावेल असं वाटतं, साहेब म्हणालेले असतात की बघतो.

आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट घ्या. 2017चा पावसाळा तुम्हाला आठवत असेल. त्या वर्षी पराटी माणसाच्या उंचीएवढी वाढली होती, आणि फवारणी करताना औषध अंगावर, तोंडावर येत होतं. जुलै ते ऑक्टोबर या काळात शेकडो कास्तकार आणि मजूर विषबाधा होऊन दवाखान्यात गेले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरले होते. वीसपेक्षा जास्त माणसं दगावली. सरकारने मृतांच्या घरच्यांना 2 लाखांची मदत जाहीर केली, चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमलं. पुढारी येऊन गेले, पेपरवाले येऊन गेले.

आता त्या घरातल्या बाईच्या जागी बसून बघा. मदतीचा चेक आला किंवा यायचा आहे. चौकशी चालू आहे, असं सगळे सांगतात. तिला वाटणारच की आपलं प्रकरण सरकारदरबारी चालू आहे. पण कायद्याच्या दृष्टीने तिचा स्वतःचा दावा अजून सुरूच झालेला नसतो. सरकारी मदत ही मदत आहे. ज्याच्या चुकीने माणूस गेला त्याच्याकडून नुकसानभरपाई मागणं हा वेगळा हक्क आहे, आणि तो कोर्टात जाऊन मागावा लागतो. चौकशी चालू आहे म्हणून त्या हक्काची मुदत थांबत नाही. मदत घेतली म्हणूनही थांबत नाही.

मग आपल्या देशात अशा बाईला किती मुदत असते? दुसऱ्याच्या चुकीने माणूस दगावला तर घरच्यांनी भरपाई मागायचा एक जुना कायदा आहे, 1855चा, म्हणजे सत्तावनच्या उठावाच्याही आधीचा. त्याखाली दावा करायला मृत्यूच्या तारखेपासून 2 वर्षं मिळतात. विकत घेतलेल्या मालात दोष होता म्हणून ग्राहक आयोगात जायचं तर तिथेही 2 वर्षं. म्हणजे 2017च्या पावसाळ्यात जे घडलं त्याचे हे दोन्ही रस्ते 2019च्या पावसाळ्याच्या शेवटी बंद होत आले. ग्राहक आयोग उशिराचं सबळ कारण पटलं तर माफी देऊ शकतो, पण ती त्याची मर्जी.

तरी आपल्या जिल्ह्यातल्या तीन जणांचं प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, आणि तेही कुठे, तर स्वित्झर्लंडमध्ये. नवरा गमावलेल्या दोन बाया आणि विषबाधेतून वाचलेला एक शेतकरी, अशा तिघांनी सिंजेंटा या कंपनीविरुद्ध बासेल शहरात भरपाईची मागणी केली. त्यांचं म्हणणं असं की विषबाधा या कंपनीच्या 'पोलो' या औषधाने झाली. कंपनीने जबाबदारी नाकारली. खरं-खोटं करणं हे कोर्टाचं काम आहे, आपण त्यात पडायचं नाही. मला तुम्हाला फक्त तारखा दाखवायच्या आहेत.

स्वित्झर्लंडच्या कायद्यात सदोष मालामुळे इजा झाली तर दावा करायला 3 वर्षं मिळतात. ती मोजायची कधीपासून, तर नुकसान काय, मालात दोष काय आणि माल बनवणारा कोण, हे माणसाला कळलं किंवा कळायला हवं होतं त्या दिवसापासून. विषबाधा 2017च्या पावसाळ्यातली. या तिघांनी तिथल्या तडजोडीच्या दप्तरात अर्ज दिला तो सप्टेंबर 2020 मध्ये. इजा झाली त्या दिवसापासून मोजलं तर तीन वर्षं भरत आलेली होती. तिथे दाव्याआधी तडजोडीसाठी जावं लागतं, आणि तो अर्ज दिला की मुदतीचं घड्याळ थांबतं. तडजोड झाली नाही, मग 2021 मध्ये दावा दाखल झाला. आणि 2020 हे कोरोनाचं वर्ष होतं हेही लक्षात ठेवा. गावात टाळेबंदी, एसटी बंद, आणि अशा वेळी यवतमाळहून बासेलला कागद पोचवायचे. संघटना आणि वकील पाठीशी होते म्हणून ते जमलं. एकट्या बाईला ते जमलं नसतं.

त्या उन्हाळ्यात आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने देशभरातल्या मुदती थांबवल्या होत्या. 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीत धरायचा नाही असा आदेश होता. पण ज्यांची मुदत 2019 मध्येच संपली होती त्यांना त्याचा काय उपयोग? संपलेली मुदत त्या आदेशाने पुन्हा जिवंत झाली नाही.

फवारणीचा विषय निघालाच आहे तर हेही सांगते. आज असा अपघात झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूसाठी 2 लाख रुपये आहेत. कीटकनाशकाची विषबाधा त्यात बसते, साप चावणंही बसतं. सात-बाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या घरातला नाव नसलेला एक जण, वय 10 ते 75. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्याकडे 30 दिवसांच्या आत द्यायचा असतो. तीस दिवस! घरात माणूस गेलं असताना, पोस्टमॉर्टमचा रिपोर्ट हातात यायच्या आधी निम्मी मुदत उडून जाते. ही मुदत कोणी ठरवली त्याने एकदा विधवेबरोबर सगळी दप्तरं फिरून बघायला हवीत. पण आहे ती अशी आहे. म्हणून गावात असं काही घडलं तर गटातल्या दोघीतिघींनी त्या बाईचे कागद आपल्या हातात घ्यावेत. एक-दोन कागद कमी असले तरी अर्ज आधी देऊन पोच घ्यावी आणि बाकीचे नंतर जोडावेत. औषधाची रिकामी बाटली आणि दुकानाचं बिल फेकू नका. बाटलीवर कंपनीचं नाव आणि बॅच नंबर असतो.

आता आपल्या गटाच्या पैशाकडे येऊ, कारण ही गोष्ट दर महिन्याला आपल्या हातात असते.

आपल्याकडे 1963चा मुदतीचा कायदा आहे. कोर्टाच्या भाषेत त्याला परिसीमा अधिनियम म्हणतात. हातउसने पैसे परत मिळवायचे तर दावा करायला 3 वर्षं. सगळ्या बायका विचारतात, "ताई, ती देत नाही म्हणाली तेव्हापासून तीन वर्षं ना?" नाही. परत करायची तारीख ठरलेली नसेल तर पैसे दिले त्या दिवसापासून. "मी मागेन तेव्हा दे" असं बोलून दिले असतील तरीही दिले त्याच दिवसापासून. तारीख ठरवून लिहून घेतली असेल तर त्या तारखेपासून. पहिला दिवस मोजायचा नसतो, आणि शेवटच्या दिवशी कोर्टाला सुट्टी असेल तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दावा चालतो.

समजा, एका ताईने 15 जून 2022 रोजी शेजारणीला पेरणीसाठी 20,000 रुपये दिले. तारीख ठरली नाही. मग 15 जून 2025 ला मुदत भरली. मधल्या काळात शेजारीण दर सणाला म्हणते, "बाई, तुमचे पैसे डोक्यावर आहेत, कापूस निघाला की देते." हे तोंडी बोलणं कोर्टाच्या हिशेबात शून्य. पण तीच शेजारीण 3 नोव्हेंबर 2024 रोजी, म्हणजे त्या वर्षीच्या भाऊबीजेला, एका वहीच्या पानावर लिहून सही करून देते की "मी तुमचे 20,000 देणं लागते," तर त्या दिवसापासून नवी 3 वर्षं सुरू होतात, 3 नोव्हेंबर 2027 पर्यंत. त्या दिवशी तिने 2,000 परत दिले असते तरी तसंच झालं असतं, पण पैसे दिल्याची नोंद तिच्या हातची किंवा तिच्या सहीची हवी.

इथेच आपल्या गटांचं चुकतं. सभेत हप्ता आला की सचिव पासबुकात नोंद करते आणि स्वतः सही करते. हप्ता भरणारी बाई कुठेच सही करत नाही. भांडण नसतं तोवर हे चालून जातं. पण कर्ज थकलं आणि प्रकरण कोर्टात गेलं तर पैसे घेणाऱ्याची सही मुदत वाढवायला उपयोगाची नाही, देणाऱ्याची लागते. म्हणून कर्ज रजिस्टरमध्ये शेवटी एक रकाना आखा. हप्त्याची तारीख, रक्कम, बाकी, आणि त्यापुढे कर्जदार बाईची सही. सही येत नसेल तर अंगठा आणि शेजारी दोन साक्षीदारांच्या सह्या. वर्षातून एकदा, मार्चमध्ये हिशेब होतो तेव्हा, "आजअखेर माझ्याकडे इतकी बाकी आहे" एवढं एक वाक्य प्रत्येकीकडून सहीने घ्या. यात अविश्वास काही नाही. बँक तुमच्याकडून हेच घेते, तुम्ही कधी वाचलं नसेल एवढंच.

ही सही मुदत संपायच्या आत घेतलेली हवी. मुदत संपल्यावर "बाकी आहे" अशा सहीचा उपयोग होत नाही. मात्र संपल्यावरही तिने "ते जुने पैसे मी देईन" असं वचन लिहून सही केली तर करार कायद्याखाली तो नवा करार धरतात. फरक बारीक आहे, वकिलाला दाखवूनच लिहा.

कोणी कोणी विचारतात की आम्ही तंटामुक्ती समितीत बसलो होतो, वर्षभर बोलणी चालली, ते वर्ष सोडतील ना? सोडत नाहीत. वकिलाने नोटीस पाठवली, त्याने थांबत नाही. कलेक्टरला निवेदन दिलं, पोलीस स्टेशनला तक्रार दिली, मोर्चा काढला, यातल्या कशानेच कोर्टातली मुदत थांबत नाही. दावा योग्य कोर्टात दाखल झाला की ती थांबते. चांगल्या मनाने चुकीच्या कोर्टात गेलात तर तो वेळ वजा करून मिळू शकतो, पण त्याला पुरावा द्यावा लागतो. बोलणी करू नका असं मी म्हणत नाही, गावात राहायचं तर बोलावंच लागतं. बोलणी करा, पण शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून मग करा. दुसरी बाजू मुदतीबद्दल काही बोलली नाही तरी न्यायाधीशाने स्वतःहून मुदत बघायची असते, आणि गेली असेल तर दावा फेटाळायचाच असतो.

माहेरच्या जमिनीबद्दल भीती उलटी असते. बायकांना वाटतं, भाऊ वीस वर्षं वावर वाहतोय, आता आपला हक्क गेला. तसं नसतं. मुलीला जन्माने हिस्सा आहे, हे 2005च्या दुरुस्तीने आलं आणि सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट 2020 मध्ये ते पक्कं केलं. 20 डिसेंबर 2004च्या आधी झालेली विक्री किंवा वाटणी मात्र त्याने उलटत नाही. भाऊ सामाईक जमीन कसतो म्हणजे तो ती सगळ्यांच्या वतीने कसतो असंच धरतात. घड्याळ सुरू होतं ते त्याने तुमचा हक्क उघडपणे नाकारला आणि ते तुम्हाला कळलं तेव्हा. तिथून 12 वर्षं. त्यामुळे "तुझा इथे काही संबंध नाही" असं भाऊ ज्या दिवशी म्हणाला किंवा त्याची नोटीस आली, ती तारीख जपून ठेवा.

हक्कसोडपत्राची गोष्ट निराळी. सहीला बोलावलं, "बँकेच्या कर्जासाठी आहे" म्हणून सांगितलं, आणि नंतर कळलं की हक्क सोडून दिला. असा फसवून करून घेतलेला कागद रद्द करायला फसवणूक कळल्यापासून 3 वर्षं आहेत. तीनच. मग 12 वर्षांच्या भरवशावर बसून चालत नाही. फेरफाराची नोटीस आली तर तलाठ्याकडे 15 दिवसांत लेखी हरकत द्यायची, नोंद मंजूर झाली तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे 60 दिवसांत अपील. नोटीस घेताना त्यावर सहीखाली आजची तारीख घालायची सवय ठेवा. पुष्कळदा मागची तारीख आधीच लिहिलेली असते.

नवरा गेल्यावर लहान मुलांच्या नावची जमीन कोर्टाच्या परवानगीशिवाय विकली गेली असेल तर मुलांना 18 पूर्ण झाल्यावर 3 वर्षं मिळतात, म्हणजे एकविसाव्या वाढदिवसापर्यंत. आयांनी हे मुलांना सांगून ठेवावं.

आणखी काही मुदती भराभर सांगते, पेन घ्या. रस्त्यावरच्या अपघाताच्या भरपाईसाठी मोटार अपघात न्यायाधिकरणात 6 महिन्यांत अर्ज. हा नियम एप्रिल 2022 पासून आला, पूर्वीच्या लोकांच्या सांगण्यावर जाऊ नका. कामाच्या ठिकाणी कोणी लैंगिक त्रास दिला तर समितीकडे 3 महिन्यांत तक्रार, कारण पटलं तर आणखी 3 महिने. शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बाईसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. मिळालेला चेक वटला नाही तर बँकेचा कागद आल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला 15 दिवस, त्यानंतर एक महिन्यात कोर्टात फिर्याद. बियाणं उगवलं नाही तर ग्राहक आयोगात 2 वर्षं, आणि बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, हे सुप्रीम कोर्टाने 2012 मध्ये सांगितलं आहे. पण बियाण्याबाबत खरी मुदत वेगळीच असते. वावर मोडून दुबार पेरणी करायच्या आधी कृषी विभागाचा पंचनामा झाला पाहिजे, नंतर दोन वर्षं हातात असून काय करणार?

पोटगीबद्दल मात्र जरा थांबून ऐका. कोर्टाने महिना अमुक रुपये पोटगी ठरवली आणि नवरा देत नाही. बाई म्हणते, साचू दे, एकदम मागू. वॉरंट काढून वसुली करायची तर रक्कम देणं झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. तीन वर्षं थांबून गेलात तर मागच्या दोन वर्षांची वसुली या रस्त्याने होत नाही. म्हणून दर सहा-आठ महिन्यांनी थकबाकीचा अर्ज टाकत राहा. उलट, घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण, राहायला घर किंवा खर्च मागायचा अर्ज करायला मुदतीची अडचण नाही. सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये ते स्पष्ट केलं आहे. "एवढी वर्षं गप्प का होतीस" असं कोणी म्हणालं तर म्हणू दे.

उशीर झालाच तर? अपील आणि काही अर्जांना उशीर झाल्यास विलंब माफीचा अर्ज करता येतो. त्यात कारण आणि त्याचा कागद द्यायचा: दवाखान्यात भरती होते, बाळंत झाले, नक्कल मिळायला महिना लागला. नक्कल मिळवण्यात कोर्टाने घेतलेले दिवस अपिलाच्या मुदतीतून वजाच होतात, म्हणून निकाल लागला त्याच दिवशी नकलेचा अर्ज द्या. पण मूळ दाव्याला ही माफी नाही. उसन्या पैशाचा दावा तीन वर्षं आणि चार दिवसांनी नेला तर कितीही रडलं तरी न्यायाधीशाच्या हातात काही नसतं.

आणि पैसे नाहीत म्हणून थांबू नका. 1987च्या विधी सेवा कायद्याने बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो. यवतमाळला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती असते. फोन 15100, पैसे लागत नाहीत. जाताना आधार कार्ड, असतील ते सगळे कागद आणि एका पानावर लिहिलेल्या तारखा न्या: काय झालं, कधी झालं, तुम्हाला कधी कळलं. वकील पहिला प्रश्न तारखेचाच विचारतो. अर्ज दिल्यावर त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून उठायचं नाही. वकील मिळायला काही दिवस लागतात, म्हणून मुदत थोडीच उरली असेल तर अर्जावर सगळ्यात वर, ठळक अक्षरात, शेवटची तारीख लिहा.